नंबर तोच, कंपनी नवी : सिम पोर्ट करताना कामाचा क्रम चुकवू नका

नंबर पोर्ट करणं अवघड नाही. एक एसएमएस, दुकानात एक फेरी आणि तीन ते पाच दिवसांची वाट. तरीही ओळखीतलं कोणी ना कोणी अडकतं आणि फोन करतं. कोड येत नाही, जुनं सिम बंद पडलं पण नवं सुरू होत नाही, रेंज आली पण बँकेचं ॲप उघडत नाही. खोदून विचारलं की बहुतेक वेळा एकच गोष्ट निघते : कामाचा क्रम उलटा झालेला असतो. लोक थेट पोर्टचा कोड मागवणारा एसएमएस १९०० वर पाठवून सुरुवात करतात. खरं तर ती पाचवी पायरी आहे. पहिल्या चार पायऱ्या नीट केल्या, तर पुढचं काम जवळपास आपोआप होतं.

टप्पा १ : फोन नव्या कंपनीवर चालेल का, हे आधी बघा

भारतात दुकानातून घेतलेले बहुतेक स्मार्टफोन अनलॉक असतात, म्हणजे कोणत्याही कंपनीचं सिम घेतात. अपवाद आहेत ते कंपनीने स्वतःच्या नावाने विकलेले स्वस्त फोन. जिओफोन किंवा जिओभारत हातात असेल, तर त्यात दुसऱ्या कंपनीचं सिम चालत नाही. असा फोन वापरणाऱ्याने पोर्ट करण्याआधी वेगळा फोन घ्यावा.

परदेशातून आलेल्या फोनचं जास्त काळजीने बघायला लागतं. अमेरिकेतल्या मुलाने किंवा बहिणीने पाठवलेला आयफोन हप्त्यावर घेतलेला असेल, तर तो तिथल्या कंपनीला लॉक असू शकतो. सेटिंग्ज, जनरल, अबाउट असं जा आणि खाली ‘कॅरिअर लॉक’ शोधा. तिथे ‘नो सिम रिस्ट्रिक्शन्स’ लिहिलेलं दिसलं, तर फोन मोकळा आहे. दुसरं काही दिसलं तर लॉक तिथली कंपनीच काढू शकते, इथल्या दुकानदाराच्या नादी लागू नका. आणखी एक गोष्ट म्हणजे अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या आयफोन १४ पासून पुढच्या फोनमध्ये सिमची खाचच नसते, फक्त ई-सिम, म्हणजे कार्डाशिवाय फोनमध्येच नोंदवलं जाणारं सिम चालतं. असा फोन असेल, तर नव्या कंपनीकडून ई-सिमच मागायला हवं, आणि ते दुकानात पहिल्याच वाक्यात सांगायला हवं.

फोन अनलॉक आहे म्हणजे तो सगळीकडे चालेलच, असं नाही. जिओकडे २जी आणि ३जी नाही, सगळे कॉल ४जी किंवा ५जीवरून जातात. त्यामुळे आजोबांचा जुना बटणांचा २जी फोन त्या सिमवर मुका राहतो. एअरटेल, व्हीआय आणि बीएसएनएल यांचं २जी अजून आहे, म्हणून असा फोन तिथे चालतो. बीएसएनएलकडे जाणार असाल, तर वेगळी तपासणी आहे. त्यांच्या ४जीचं देशभरातलं उद्घाटन २७ सप्टेंबर २०२५ ला झालं आणि ते मुख्यतः ७०० आणि २१०० मेगाहर्ट्झच्या रेडिओ लहरींच्या पट्ट्यांवर, म्हणजे बँडवर चालतं. ७०० साठी फोनमध्ये ‘बँड २८’ असावा लागतो. फोनचं मॉडेल शोधून बँडची यादी वाचा. घराच्या आतल्या खोल्यांत रेंज पोचते ती मुख्यतः या खालच्या बँडमुळे, म्हणून ही दोन मिनिटं वाया जात नाहीत.

तपासा : जुना फोन घेतला असेल, तर *#०६# डायल करून आयएमईआय, म्हणजे फोनचा ओळख क्रमांक काढा. के, वाय, एम ही इंग्रजी अक्षरं, मग एक जागा सोडून आयएमईआय, असा एसएमएस १४४२२ वर पाठवा. फोन चोरीचा किंवा बनावट म्हणून ब्लॉक असेल, तर कंपनी बदलून काही उपयोग नाही.

टप्पा २ : रेंज स्वतः अनुभवा

माझं स्पष्ट मत आहे की, नव्या कंपनीचं सिम आठवडाभर वापरून पाहिल्याशिवाय कोणी पोर्ट करू नये. शेजाऱ्याच्या घरी रेंज फुल आहे याचा अर्थ तुमच्या स्वयंपाकघरात आहे असा होत नाही. काँक्रीटची भिंत, मजला, टॉवर कोणत्या बाजूला आहे यावर सगळं फिरतं.

घरातल्या कोणाकडे त्या कंपनीचं सिम असेल, तर दोन दिवस मागून घ्या. नसेल तर त्या कंपनीचा नवा स्वस्त प्रीपेड नंबर घ्या आणि दुसऱ्या खाचेत टाका. चाचणीला फक्त स्पीड टेस्ट पुरत नाही. पुढच्या ठिकाणी पाच-पाच मिनिटांचे कॉल करा : जिथे झोपता ती खोली, लिफ्ट किंवा जिना, ऑफिसचं टेबल, रोजचा लोकल किंवा एसटीचा रस्ता. शेती असेल तर विहिरीजवळ आणि गोठ्यात. गावाकडे वारंवार जात असाल, तर एक फेरी गावाची करा, घाटात कॉल तुटतो का ते बघा. कॉल चालू असताना इंटरनेटही चालतं का, तेही पाहा.

चाचणीचा नंबर तुमच्या नावावरच्या सिमच्या संख्येत धरला जातो. एका माणसाच्या नावावर जास्तीत जास्त ९ सिम चालतात. चाचणी झाल्यावर तो बंद करून टाका.

टप्पा ३ : सिम नेमकं कोणाच्या नावावर आहे?

सगळ्यात जास्त पोर्ट इथे अडतात, आणि आपल्याकडे हे घरोघरी आहे. मुलगा वापरतो तो नंबर वडिलांच्या नावावर, आईचा नंबर मामाच्या आधारवर, आणि दहा वर्षांपूर्वी घेतलेलं सिम दुकानदाराने कोणाच्या कागदांवर दिलं हे कोणालाच आठवत नाही.

नियम सरळ आहे : ज्याच्या नावावर नंबर, त्याच्याच नावावर पोर्ट. दुकानात वडिलांचा नंबर तुमच्या आधारवर पोर्ट करून घेणं ही चूक आहे, कारण पुढे पडताळणीत नाव जुळलं नाही तर नंबरच बंद होऊ शकतो. म्हणून कंपनीच्या ॲपमध्ये प्रोफाइल उघडा किंवा ग्राहक सेवेला फोन करून नाव विचारा. संचार साथी या सरकारी संकेतस्थळावर तुमच्या नावावरचे सगळे नंबर दिसतात, तिथेही खात्री करता येते.

नाव दुसऱ्याचं निघालं तर दोन मार्ग आहेत. ती व्यक्ती हयात आहे आणि येऊ शकते, तर तिलाच सोबत घेऊन पोर्ट करा. ती हयात नसेल किंवा नंबर तुमच्या नावावर हवाच असेल, तर आधी जुन्याच कंपनीत नाव बदलून घ्या. नाव बदलण्याचा अर्ज सुरू असताना पोर्टचा कोड मिळत नाही, म्हणून दोन्ही अर्ज एकाच दिवशी टाकून वेळ वाचेल असं समजू नका. आधी नाव, ते पूर्ण झाल्याचा मेसेज आला की मग पोर्ट.

ऑफिसने दिलेला नंबर ऑफिसच्या नावावर असतो. नोकरी सोडताना तो स्वतःकडे ठेवायचा असेल, तर ऑफिसचं अधिकृत पत्र हातात आल्याशिवाय पुढे जाऊ नका. नोकरी सोडल्यानंतर हे पत्र मिळवायला फार त्रास होतो, राजीनाम्याच्या नोटीसच्या काळातच मागून घ्या.

टप्पा ४ : अडथळे मोजा आणि दिवस ठरवा

पुढचे प्रश्न स्वतःला विचारा. एकाचंही उत्तर चुकलं तर कोडऐवजी नकाराचा मेसेज येतो.

१. हा नंबर सुरू होऊन किंवा शेवटचा पोर्ट होऊन ९० दिवस झाले का? झाले नसतील तर थांबा, यातून सुटका नाही.
२. गेल्या आठवड्यात सिम हरवलं, खराब झालं म्हणून बदलून घेतलंय का? १ जुलै २०२४ पासून सिम बदलल्यावर ७ दिवस कोड मिळत नाही. कोणी तुमच्या नावाने डुप्लिकेट सिम काढून लगेच नंबर पळवू नये, यासाठी हा नियम आहे.
३. पोस्टपेड असेल, तर मुदत उलटलेलं बिल भरलंय का? भरल्यावर ते खात्यात दिसेपर्यंत एक-दोन दिवस जाऊ द्या.
४. नंबरावरून कोर्टात काही वाद किंवा करार बाकी आहे का? हे क्वचितच असतं.

मग दिवस. प्रीपेडचा उरलेला बॅलन्स आणि पॅकचे उरलेले दिवस नव्या कंपनीत जात नाहीत, ते बुडतात. म्हणून पॅक संपण्याच्या सात-आठ दिवस आधी सुरुवात करावी. पॅक संपून गेल्यावर सुरुवात करू नका, कारण जाणारे एसएमएस बंद असतील तर कोड मागायचा कसा? पॅक चालू असताना मात्र काळजी नको. पॅकमध्ये एसएमएस नसले तरी १९०० वर पोर्टचा एसएमएस गेलाच पाहिजे, असा ट्राय या दूरसंचार नियामक संस्थेचा डिसेंबर २०२१ चा आदेश आहे.

किती दिवस लागतील ते तुमच्या सर्कलवर, म्हणजे मोबाइल सेवेसाठी पाडलेल्या विभागावर ठरतं. एकाच सर्कलमध्ये पोर्ट ३ कामाच्या दिवसांत होतो, एका सर्कलमधून दुसऱ्यात ५ कामाच्या दिवसांत. इथे मराठी माणसाची हमखास गफलत होते. मुंबई हे वेगळं सर्कल आहे, त्यात मुंबईसोबत नवी मुंबई, ठाणे, कल्याण येतात. उरलेला महाराष्ट्र आणि गोवा मिळून दुसरं सर्कल. म्हणजे पणजीचा नंबर नागपुरात पोर्ट केला तर तीन दिवस, पण पुण्याचा नंबर दादरला पोर्ट केला तर पाच. सुट्ट्या धरायच्या नाहीत, त्यामुळे दिवाळी किंवा गणपतीच्या आठवड्यात हे तीन दिवस सहज लांबतात.

आता माझी चूक सांगतो. भाच्याचा नंबर आम्ही इंजिनिअरिंगच्या प्रवेशाचे पर्याय भरायच्या दोन दिवस आधी पोर्टला टाकला. शेवटच्या तारखेला सकाळी जुनं सिम बंद पडलं, नवं सुरू व्हायला दुपार झाली आणि ओटीपी त्याच नंबरवर येणार होता. पोरगा संगणकासमोर रडकुंडीला आला होता. अर्ज वेळेत भरला गेला, पण ते चार तास मी विसरलेलो नाही. परीक्षेचा अर्ज, घराची नोंदणी, कर्जाचा हप्ता, परगावचा प्रवास, हॉस्पिटलची तारीख यांच्या आगेमागे आठवडाभर पोर्ट ठेवू नका.

एसएमएस पाठवण्याआधी अर्ध्या तासात होणारी कामं :

– सिममध्ये साठवलेले नंबर फोनमध्ये किंवा गूगल खात्यात कॉपी करा. जुनं सिम बंद झालं तरी ते नंबर सिमवर राहतात, पण लोक सिम फेकून देतात आणि मग हळहळतात.
– कॉल फॉरवर्डिंग लावलेलं असेल तर ##००२# डायल करून काढा.
– ब्रॉडबँड किंवा घरच्या इतर नंबरांसोबत एकत्र प्लॅन असेल, तर आधी हा नंबर त्यातून वेगळा करून घ्या. मुख्य नंबरच गेला, तर बाकीच्यांचा प्लॅन बिघडतो.
– जुन्या कंपनीचं पोस्टपेड बिल खात्यातून आपोआप कापलं जात असेल, तर शेवटचं बिल येईपर्यंत ते चालू ठेवा, मगच बंद करा.

टप्पा ५ : कोड मागवा

जो नंबर पोर्ट करायचा, त्याच सिमवरून एसएमएस पाठवा. फोनमध्ये दोन सिम असतील, तर मेसेज कोणत्या सिमवरून जातोय ते बघा. दुसऱ्या सिमवरून गेला तर काम होत नाही, आणि लोक दिवसभर वाट बघत बसतात.

मेसेजमध्ये पी, ओ, आर, टी ही चार इंग्रजी मोठी अक्षरं, मग एक जागा मोकळी, मग तुमचा दहा आकडी नंबर. पुढे शून्य किंवा ९१ नको. हा मेसेज १९०० वर. थोड्याच वेळात आठ अक्षरी कोड येतो, त्याला यूपीसी म्हणतात. अडथळा असेल तर कारणासकट नकार येतो. कारण वाचा, ते दूर करा, मग पुन्हा पाठवा. तोच मेसेज वीस वेळा पाठवून काही होत नाही.

कोड मागवलेला दिवस सोडून पुढचे ४ दिवस तो चालतो. सोमवारी मागवला तर शुक्रवारपर्यंत. जम्मू-काश्मीर, आसाम आणि ईशान्य भारतात ही मुदत ३० दिवस आहे. महाराष्ट्रातल्या वाचकाने शनिवार-रविवार जोडून सुट्टी असेल, तर गुरुवारी कोड मागवू नये.

सावधान : हा कोड म्हणजे तुमच्या नंबराची किल्ली आहे. ‘तुमचं सिम बंद होणार आहे, आलेला कोड सांगा’ असा फोन आला तर तो फसवणुकीचा आहे, फोन ठेवा. कोड फक्त नव्या कंपनीच्या दुकानात किंवा तुम्ही स्वतः बोलावलेल्या तिच्या माणसाला, समोरासमोर द्यायचा. तो कागदावर लिहून नेऊ नका, इंग्रजी ओ आणि शून्य यांत घोळ होतो. फोनवरचा मेसेजच दाखवा.

कोड मागवला की जुन्या कंपनीकडून खास ऑफरचे फोन येऊ लागतात. ऑफर चांगली वाटली तर थांबायला हरकत नाही. कोड वापरलाच नाही, तर तो मुदत संपून आपोआप रद्द होतो आणि नंबर जुन्याच कंपनीत राहतो.

टप्पा ६ : दुकानात

कंपनीचं स्वतःचं दुकान असेल तर तिथे जा, किंवा तिच्या अधिकृत ॲपवरून सिम घरी मागवा. रस्त्यावरच्या छत्रीखाली घाईत केलेल्या केवायसीत नाव आणि पत्ता चुकल्याचं मी बरंच पाहिलं आहे. १ जानेवारी २०२४ पासून कागदी अर्ज बंद आहेत, सगळी नोंद डिजिटल होते आणि तुमचा फोटो जागेवर काढला जातो. म्हणून ज्याच्या नावावर नंबर आहे ती व्यक्ती हजर असावीच लागते. आजारी आई-वडिलांसाठी घरी येऊन केवायसी करणारी सोय विचारा. परदेशात असणाऱ्यांनी पोर्ट भारतात येण्याच्या तारखेवर ढकलावा.

निघण्याआधी चार गोष्टी बघा : स्क्रीनवर नाव आधारप्रमाणे आहे, अर्ज ‘पोर्ट’चा आहे आणि ‘नवा नंबर’ म्हणून भरलेला नाही, नंबराचे दहाही आकडे बरोबर आहेत, आणि पहिला रिचार्ज झाला आहे. दुसरी गोष्ट चुकली तर हातात एक भलताच नंबर येतो आणि तुमचा कोड वाया जातो.

मन बदललं तर २४ तास हातात आहेत. सी, ए, एन, सी, ई, एल ही अक्षरं, एक जागा, मग नंबर, असा एसएमएस १९०० वर पाठवला की अर्ज मागे घेता येतो. तुम्ही पोर्ट मागितलेला नसताना त्याचा मेसेज आला, तर हाच एसएमएस ताबडतोब पाठवा आणि कंपनीला फोन करा.

टप्पा ७ : मधले दिवस

या दिवसांत जुनं सिम फोनमध्येच राहू द्या. ते शेवटच्या क्षणापर्यंत चालतं. नवं सिम टाकून ‘नेटवर्क नाही’ म्हणून दुकानात भांडायला जाणारे लोक भेटतात, पण नवं सिम पोर्ट पूर्ण होईपर्यंत मृतच असतं. पोर्ट कधी होणार, त्याची तारीख आणि वेळ एसएमएसने येते. तो मेसेज जुन्या सिमवरच येणार, हे लक्षात ठेवा.

बदलाच्या रात्री जुनी रेंज जाते. साधारण दोन ते चार तास नंबर कुठेच चालत नाही. घरात कोणी आजारी असेल, तर त्या रात्री हाताशी दुसरा चालू नंबर ठेवा आणि जवळच्यांना तो कळवून ठेवा.

टप्पा ८ : नवं सिम सुरू करताना

जुनी रेंज पूर्ण गेली की फोन बंद करा, नवं सिम टाका, चालू करा. रेंज दिसली तरी लगेच सगळं उघडू नका. आधी एक कॉल करा, एक कॉल घ्या, एक एसएमएस पाठवा आणि एक मागवा. हे चारही झाले की मग इंटरनेट. कॉल होतोय पण इंटरनेट नाही, तर एपीएन, म्हणजे कंपनीच्या इंटरनेटला जोडणारं सेटिंग बघा. फोनमध्ये जुन्या कंपनीचा एपीएन अडकून राहतो. सेटिंग्जमधल्या मोबाइल नेटवर्कमध्ये जाऊन तो मूळ स्थितीला आणा, किंवा नव्या कंपनीला विचारून भरा. कॉल लागताना ४जी जाऊन फोन गप्प होत असेल, तर सेटिंग्जमध्ये व्होल्टी (VoLTE), म्हणजे ४जीवरून कॉल करण्याची सोय सुरू करा.

टप्पा ९ : बँक, यूपीआय, व्हॉट्सॲप

नंबर तोच राहिल्यामुळे आधार, बँक, गॅस, फास्टॅग कुठेच काही बदलायचं नाही. पण यूपीआय ॲप सिमशी बांधलेलं असतं. सिम बदललं हे त्याला कळतं आणि ते नव्याने नोंदणी मागतं. ही नोंदणी तुमच्या फोनमधून एक एसएमएस पाठवून होते. म्हणून नव्या पॅकमध्ये एसएमएस असले पाहिजेत आणि एसएमएससाठी मूळ सिम म्हणून हेच सिम निवडलेलं असलं पाहिजे. दहापैकी नऊ वेळा ‘यूपीआय चालत नाही’ याचं कारण या दोन ओळींतच सापडतं. वायफाय आणि व्हीपीएन बंद करून मोबाइल डेटावर पुन्हा प्रयत्न करा. नव्या नोंदणीनंतर पहिल्या दिवशी पैसे पाठवण्याची मर्यादा कमी असते, त्यामुळे मोठी रक्कम त्या दिवशी देऊ नका. खिशात थोडी रोकड ठेवा.

व्हॉट्सॲपमध्ये काहीच करायचं नाही. ‘नंबर बदला’ हा पर्याय दाबू नका, ॲप काढून पुन्हा टाकू नका. विचारलं तरच ओटीपीने पुन्हा खात्री करा.

टप्पा १० : अडलंच तर

कामाचे दिवस उलटून गेले आणि पोर्ट झाला नाही, तर आधी नव्या कंपनीकडे जा. अर्ज तिच्याकडे आहे, जुनी कंपनी तुम्हाला फक्त हेलपाटे घालायला लावेल. तक्रारीसाठी १९८ आहे. तक्रारीचा क्रमांक घ्या आणि लिहून ठेवा. वेळेत उत्तर आलं नाही, तर त्याच क्रमांकावर कंपनीच्या अपील अधिकाऱ्याकडे जाता येतं. क्रमांक नसेल तर अपील होत नाही.

पोस्टपेडवाल्यांनी पोर्ट झाल्यावरही जुन्या कंपनीचं शेवटचं बिल मागून भरावं. ते थकलं तर जुन्या कंपनीच्या मागणीवरून नव्या कंपनीतलं तुमचं सिम बंद होऊ शकतं, आणि तोपर्यंत लोक जुन्या बिलाबद्दल पार विसरलेले असतात. पावतीचा फोटो काढून ठेवा. नवं सिम सुरू झाल्याची तारीख फोनच्या कॅलेंडरमध्ये टाका : पुढचा पोर्ट त्यापासून ९० दिवसांनी.